पस्तीसचे वीस, आणि सरावाचे काय?



मागच्या वेळी पवनेच्या काठावरच्या जुन्या झाडांबद्दल लिहिले तेव्हा सगळ्यांनी "छान, छान" म्हटले. आजचे लिहिणे सगळ्यांना गोड लागेल असे नाही. पण सगळा जन्म फळ्यासमोर गेला, त्यामुळे काही गोष्टी पाहून गप्प बसवत नाही. विषय शाळेतल्या गणिताचा आहे. घाबरू नका, गणिते सोडवायला देणार नाही. (शेवटी एकच देईन!)

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एक बातमी आली होती. राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात अशी सोय आहे की दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले, तरी मुलाला अकरावीत जाता येईल. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा पडेल, की याला पुढे गणित आणि विज्ञानावर आधारलेले शिक्षण घेता येणार नाही. शेरा नको असेल त्याने पुन्हा परीक्षेला बसावे. नवा अभ्यासक्रम येईल तेव्हाच हे लागू होईल, असेही तेव्हा सांगण्यात आले.

लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, बरे झाले, बिचाऱ्यांचे वर्ष वाचेल, ज्याला चित्रकार व्हायचे त्याला कशाला हवे ते गणित. दुसरा म्हणाला, दर्जा रसातळाला गेला, आमच्या वेळी असे नव्हते. मला दोन्ही तटांचे नवल वाटते. पस्तीस की वीस यावर सगळे हमरीतुमरीवर येतात, पण मुलगा विसावर अडकतोच का, हे कोणी विचारत नाही. माझे उत्तर सरळ आहे. त्याचा सराव झालेला नसतो. आणि तो झालेला नसतो कारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शिकल्या-सवरल्या माणसांनी मिळून 'सराव' हा शब्दच बदनाम करून ठेवला आहे.

मी गणितातला पंडित नव्हे, हे आधीच सांगतो. माझे बी.ए. मराठी माध्यमातून, विषय अर्थशास्त्र. पण त्या काळी शाळेत बी.एस्सी. झालेला शिक्षक टिकायचा नाही, कंपनीत जास्त पगार मिळाला की निघून जायचा. मग पाचवी ते आठवीचे गणित आमच्यासारख्या बी.ए.वाल्यांच्या गळ्यात पडे. त्याचा एक फायदा झाला. ज्याला गणित जन्मजात येते त्याला ते न येणाऱ्याचे दुखणे कळत नाही. मला कळत असे.

आता हा प्रश्न आपल्या भागात जास्त का बोचतो ते सांगतो. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को, बजाज. पुढे चाकण. २००९ च्या आसपास तिकडे मर्सिडीज आली, फोक्सवॅगन आली. आज भोसरीपासून चाकणपर्यंत गल्लोगल्ली लहान मोठी वर्कशॉप आहेत. त्यात काम करायला लातूर, बीड, नांदेडहून माणसे आली, बिहार, उत्तर प्रदेशातून आली. त्यांची मुले महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शिकतात. या मुलांपैकी पुष्कळांच्या स्वप्नाची पहिली पायरी आयटीआय असते. आणि फिटर, टर्नर, मशिनिस्ट या ट्रेडच्या प्रवेशाला दहावीत गणित आणि विज्ञान लागते. मग शेरा पडलेल्या मुलाने कुठे जायचे? शाळेच्या खिडकीतून ज्या कारखान्याची चिमणी दिसते, त्याच कारखान्याच्या कुशल कामाचे दार पंधराव्या-सोळाव्या वर्षी बंद! आत जाता येईल ते कंत्राटी हेल्पर म्हणून. ज्यांची मुले पुण्यात महागड्या शाळांत शिकतात त्यांच्यावर हा शेरा किती वेळा पडेल, आणि भोसरीच्या झोपडपट्टीतल्या मुलावर किती वेळा, हे त्रैराशिक मांडायची गरज नाही.

"पण कारखान्यात आता सगळे कॉम्प्युटर करतो," असे लगेच कोणी म्हणेल. जरा थांबा. माझे काही जुने विद्यार्थी या भागात टूलरूममध्ये आहेत, त्यांच्याकडून मी हे समजून घेतले आहे. वर्नियर कॅलिपर वाचायचा म्हणजे काय? मुख्य पट्टीवरचे मिलिमीटर बघायचे, सरकत्या पट्टीवरची जुळलेली रेघ मोजायची, तिला ०.०२ ने गुणायचे आणि मिळवायचे. हा सहावीतला दशांश अपूर्णांक आहे. ज्या मुलाला ०.२५ हा ०.५ पेक्षा मोठा वाटतो (कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे!), त्याच्या हातात टॉलरन्स लिहिलेले ड्रॉइंग दिले तर काय होईल?

५० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी बार लेथवर लावला आणि कापण्याचा वेग मिनिटाला २२ मीटर ठेवायचा असेल, तर मशीन मिनिटाला किती फेरे ठेवायचे? परीघ काढा, २२ हजार मिलिमीटरला त्याने भागा, १४० येतात. हा आठवीतला वर्तुळाचा परीघ. गोल फ्लँजवर १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सारख्या अंतराने सहा भोके पाडायची, तर शेजारच्या दोन भोकांत अंतर किती? ज्याने कंपासपेटीतल्या कर्कटकाने वर्तुळात षटकोन काढलेला आहे तो कागद न घेता सांगेल, ५०. कारण षटकोनाची बाजू त्रिज्येएवढीच असते. ज्याने तो हाताने कधी काढलाच नाही, तो सुपरवायझर यायची वाट बघत उभा राहील. सीएनसी मशीनही आपण भरू तोच आकडा खाते. शून्य एक घर इकडे-तिकडे झाले तर ते बिचारे मुकाट्याने जॉब बाद करते.

कारखाना राहू द्या, जमिनीचे घ्या. प्राधिकरण १९७२ साली झाले. त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आकुर्डी, निगडी, भोसरीकडच्या गावांत 'साडेबारा टक्के परतावा' हे शब्द पोराबाळांनाही पाठ आहेत. पण साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा, हे किती जणांना चटकन सांगता येते? एकरात ४० गुंठे, त्याचा आठवा हिस्सा ५ गुंठे, चार भावांत वाटले तर प्रत्येकी सव्वा गुंठा. जुन्या पिढीतल्या न शिकलेल्या म्हातारीने हा हिशेब तोंडी केला असता, कारण तिने पावकी, निमकी, सवायकी ऐकलेली होती. तिच्या बी.कॉम. नातवाला मोबाईल काढावा लागतो.

आणि गुंठा म्हणजे तरी काय? ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. आता आठवीतला विस्तार आठवा. (a + b) चा वर्ग. पोरांची सगळ्यात लाडकी चूक म्हणजे a चा वर्ग अधिक b चा वर्ग एवढेच लिहून मोकळे होणे. तसे केले तर ३० चा वर्ग ९०० आणि ३ चा वर्ग ९, मिळून ९०९. बाकीचे १८० चौरस फूट गेले कुठे? एक अख्खी खोली गायब! ती खोली म्हणजे 2ab. मी फळ्यावर गुंठ्याचा चौकोन काढत असे. आत ३० बाय ३० चा मोठा चौकोन, दोन कडांना ३० बाय ३ च्या दोन पट्ट्या, कोपऱ्यात ३ बाय ३ चा चिमुकला चौकोन. "तुझ्या बापाच्या दोन पट्ट्या कोणाला देऊन आलास रे?" असे विचारले की वर्ग हसायचा. मग त्याच नमुन्याची रोज दोन, असे पंधरा दिवस. हसण्याने समजायचे आणि पंधरा दिवसांनी हातात बसायचे. दोन्ही लागते. नुसते समजलेले दिवाळीच्या सुट्टीत विसरते, आणि नुसते घोटलेले प्रश्न जरा फिरवला की कोसळते.

इथेच माझे त्या विद्वान मंडळींशी भांडण आहे, जी पाढे म्हटले की नाक मुरडतात. 'घोकंपट्टी', 'रट्टा', 'मुलांची सर्जनशीलता मारली जाते' वगैरे. गाणे शिकणारी मुलगी रोज पहाटे तेच तेच पलटे म्हणते तेव्हा तुम्ही त्याला रियाज म्हणता. क्रिकेटवाला नेटमध्ये एकच फटका दोनशे वेळा मारतो, ती साधना. भाकरी थापायला लागल्यावर पहिल्या पन्नास भाकऱ्या फाटतात, तेव्हा आजी म्हणत नाही की "राहू दे बाई, तुला भाकरीची संकल्पना समजली, पुरे झाले." मग बिचाऱ्या सातवीतल्या पोराने वीस अपूर्णांक सोडवले तर तेवढा रट्टा कसा?

माणसाच्या मनात एका वेळी फार गोष्टी मावत नाहीत. दहावीचे वर्गसमीकरण सोडवताना मुलाला सात आठे किती हे आठवायला थांबावे लागले, ऋण गुणिले ऋण काय यावर अडखळावे लागले, तर मूळ प्रश्न काय होता तेच तो विसरतो. पाढे पाठ असले, चिन्हे हातात बसली की डोके मोकळे राहते आणि विचार करायला जागा मिळते. म्हणजे सराव हा विचाराचा शत्रू नव्हे. तो विचारासाठी जागा झाडून ठेवतो. 'आधी समज, सराव नंतर बघू' म्हणणाऱ्यांचे ते 'नंतर' कधी येत नाही, हे मी पस्तीस वर्षे पाहिले आहे.

यातला विनोद बघा. तोरू कुमोन नावाचे जपानी गणित शिक्षक होते. त्यांनी १९५४ साली स्वतःच्या मुलासाठी रोज थोडी थोडी सोडवायची गणिते कागदावर लिहून दिली, सोप्यापासून अवघडाकडे. त्यातून जगभर पसरलेली कुमोन पद्धत निघाली. आज वाकड, पिंपळे सौदागरच्या टॉवरमधले आईबाप असल्या वर्गांना आणि अबॅकसला आनंदाने फी भरतात. तिथे मुले काय करतात? रोजचा सराव! तोच सराव पालिकेच्या शाळेतल्या बाईंनी घेतला की तो कालबाह्य. पैसे देऊन घेतला की 'स्किल', फुकट मिळाला की 'रट्टा'. वा रे न्याय!

आता दुसऱ्या बाजूचीही हजेरी घेतो. काही क्लासवाले म्हणतील, बघा, गुरुजी आमचेच म्हणणे मांडताहेत. नाही हो, मुळीच नाही. 'अपेक्षित प्रश्नसंच' आणून तेच पाच प्रश्न आकड्यांसकट घोटून घेणे, प्रमेयाची सिद्धता कवितेसारखी पाठ करून घेणे, हा सराव नव्हे. ही भेसळ आहे. एकाच छापाची चाळीस गणिते ओळीने सोडवली की मूल विचार करणे सोडते, कारण कोणती रीत वापरायची हे शोधावेच लागत नाही, धड्याच्या नावावरच लिहिलेले असते. परीक्षेत प्रश्न सुटा येतो आणि मूल विचारते, "सर, याला गुणायचे की भागायचे?" सरावाला वाईट नाव मिळाले ते या भेसळीमुळे, हे मला मान्य आहे. पण दुधात पाणी घालतात म्हणून कोणी दूध वाईट म्हणत नाही.

आमचा एक भाचा बंगलोरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. हा लेख लिहिणार म्हटल्यावर फोनवर म्हणाला, "मामा, आता मोबाईलला तोंडी विचारले की तो गणित पायऱ्यांसकट सोडवून देतो. कशाला पोरांना छळताय?" त्याला मी एक उदाहरण दिले, तेच तुम्हालाही देतो. दुकानदार सांगतो, एक लाखाचे कर्ज, व्याज फक्त १२ टक्के 'फ्लॅट', तीन वर्षांत फेडा. हप्ता साधारण ३,७७८ रुपये, एकूण व्याज ३६,००० रुपये. तेच १२ टक्के उरलेल्या मुद्दलावर घेतले तर हप्ता सुमारे ३,३२१ आणि एकूण व्याज साडेएकोणीस हजारांच्या आसपास. एकाच '१२ टक्क्यां'त सोळा हजारांहून जास्त फरक! मोबाईल दोन्ही हिशेब बिनचूक करून देईल. पण काय विचारायचे हे कोणाला सुचेल? ज्याने शेकडेवारी इतकी हाताळली आहे की "अहो, मी दर महिन्याला मुद्दल परत करतोय, मग व्याज पूर्ण लाखावर का?" ही शंका त्याच्या मनात आपोआप येते, त्यालाच. शंका यायलाही सराव लागतो. भाचा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मामा, माझ्या पहिल्या बाईकचे कर्ज फ्लॅटच होते." असो!

हे केवळ माझे म्हातारपणाचे रडगाणे नाही. प्रथम संस्थेच्या 'असर २०२३' पाहणीत देशातल्या २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगितले होते. ते जमले ४३.३ टक्क्यांना. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना तिसरी-चौथीचा भागाकार आला नाही. अशा मुलाला दहावीत बहुपदीचे अवयव पाडायला सांगायचे आणि मग वीस मिळाले तरी चालतील म्हणायचे! पाया खचला म्हणून कोणी छताची उंची कमी करते का?

आणि आपण भांडतो कशावर? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधानसभेपर्यंत विषय गेला. मंगला नारळीकर बाईंनी तेव्हा शांतपणे समजावून सांगितले होते की लहान मुलांना आकडा ऐकून लिहिताना उलटसुलट होते, त्यांना सोपे जावे म्हणून हे आहे. बाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांचा उपाय पटो न पटो, मूल नेमके कुठे अडखळते याचा विचार तरी त्यांनी केला होता. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या घरातल्या मुलाला समोर बसवून शंभर आकडे लिहून घेतले असतील?

मग करायचे काय? सरकार करील तेव्हा करील. शिक्षकांना निवडणुका आणि सर्वेक्षणांच्या कामातून सोडवा, हे सांगून आमची पिढी निवृत्त झाली. तोवर घरात आणि वर्गात करता येईल ते सांगतो. यात नवे काही नाही.

रोज पंधरा मिनिटे, फार नको. पाच गणिते. दोन आजच्या धड्यातली, दोन मागच्या महिन्यातली, एक मागच्या इयत्तेतले. सगळी मिसळून, म्हणजे रीत मुलाला शोधावी लागेल. सोडवण्याआधी उत्तर अंदाजे किती येईल ते तोंडी सांगायचे. चुकलेले गणित खोडायचे नाही, वेगळ्या वहीत उतरवायचे आणि आठवड्याने पुन्हा करायचे. आठवीपर्यंत कॅल्क्युलेटरला हात नाही. आणि पाया म्हणाल तर मोजकाच आहे: तीसपर्यंत पाढे, अपूर्णांक आणि दशांश, शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, धन-ऋण चिन्हे, साधी समीकरणे आणि विस्तार, क्षेत्रफळ-घनफळ, पायथागोरस. एवढे पक्के असलेला मुलगा दहावीला पस्तिसांत अडकत नाही. मी तरी पाहिलेला नाही.

"आम्हीच शिकलेलो नाही, आम्ही काय घेणार?" असे पालक म्हणतात. नाइट शिफ्ट करून आलेल्या बापाने समीकरणे शिकवावीत असे कोणाचेच म्हणणे नाही. पाढा म्हणताना नुसते समोर बसा. घरातल्या आजीला पावकी-निमकी येत असेल तर तिला बोलते करा. माझ्या एका विद्यार्थ्याची आई कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. ती रोज रात्री वही उघडून फक्त एवढेच बघायची की पाच गणिते लिहिली आहेत का. तिला अक्षर वाचता येत नव्हते, पण पाचपर्यंत मोजता येत होते. तो मुलगा आज टूलरूमचा इन्चार्ज आहे.

आणि शिकलेल्या घरांतून एक वाक्य फार ऐकू येते, आमच्या नात्यातही येते, म्हणून स्पष्ट लिहितो. "आमच्या घराण्यात गणित नाहीच बाई!" हे हसत हसत, मुलासमोर, थोड्या कौतुकाने म्हटले जाते. "आमच्या घराण्यात कोणाला वाचता येत नाही" असे कोणी हसत सांगेल का? मुलाला आयती सबब मिळते आणि तो ती जन्मभर वापरतो. कृपा करून हे वाक्य बंद करा. सुनबाईंनी आणि भाच्यांनी राग मानू नये, पण बंद करा.

नापास झालेल्या मुलाचा चेहरा मी पुष्कळ वेळा पाहिला आहे, त्यामुळे माझे काळीज दगडाचे नाही. वर्ष वाचवायला माझी हरकत नाही. पण दया दाखवायची तर पाचवीत दाखवा, रोज पंधरा मिनिटे देऊन. दहावीत पंधरा गुण सोडून देणे आणि वर शेरा मारणे, ही दया स्वस्त आहे आणि तिची किंमत मुलाने भरायची आहे.

आपल्या सोसायटीत वॉचमन आहे, घरकामाला येणाऱ्या ताई आहेत. त्यांची मुले सहावी-सातवीत असतील. आमच्यासारख्या रिकामटेकड्या निवृत्तांनी त्यातले एक-एक मूल धरले तरी पुष्कळ काम होईल. खडू, पाटी काही लागत नाही. मी सध्या दोघांना घेऊन बसतो. दशांशाची गाडी अजून रुळावर यायची आहे, पण येईल.

आता ठरल्याप्रमाणे एक गणित. दीड एकर जमीन गेली, साडेबारा टक्के परतावा मिळाला, तीन बहिणी आणि दोन भाऊ यांत सारखा वाटला. प्रत्येकाला किती चौरस फूट? मोबाईल न काढता सोडवा आणि उत्तर खाली लिहा. बंगलोरच्या भाच्यानेही लिहावे, आणि पायऱ्या दाखवाव्यात. पायऱ्यांना गुण आहेत!